जवळचा नंबर

साबणाच्या वडीत केस होता. वडीवर चिकटलेला नव्हे, आत रुतलेला... पांढरा, बोटभर लांब, एका टोकाला वळलेला. त्याच्या भोवती साबणाला बारीक भेगा पडलेल्या आणि भेगांत काळपट रेघ. तिनं वडी नळाखाली धरून अंगठ्यानं घासली. केस हलला नाही. पाणी बोटांवरून ओघळलं आणि तिला स्वतःची नखं दिसली.

नखांखाली काय होतं ते तिला लगेच कळलं, आणि कळूनही ती बघत राहिली. थोड्या वेळापूर्वीच तर तिनं अंथरुणावरच्या आईचं सगळं केलं होतं — भांडं काढलं, पुसलं, कपडे बदलले, पावडर टाकली — रोजच्यासारखं, अर्धवट उजेडात, चष्म्याशिवाय. चष्मा काल संध्याकाळी दुकानातून आणला तसा डबीतच होता. आणि मग रोजच्यासारखे हात धुऊन तिनं चहा टाकला होता, ब्रेडला लोणी लावलं होतं, नवऱ्यासाठी अंडी सोलली होती. ह्याच नखांनी. वर्षभर, रोज, ह्याच नखांनी.

तिनं जुना दातांचा ब्रश घेऊन नखं घासायला सुरुवात केली, आणि घासता घासता तिचं लक्ष ब्रशच्या मुळाशी साठलेल्या पिवळट चिकट थराकडे गेलं, तेव्हा तिनं ब्रशच टाकून दिला. बेसिन पुढे सरकून आल्यासारखं वाटत होतं. नुकत्याच लावलेल्या चष्म्याच्या काचा जाड होत्या, मधे फुगीर. त्यांतून सगळंच थोडं मोठं दिसे आणि अंगावर आल्यासारखं. फरशांच्या फटी, नळाच्या बुडाशी जमलेलं शेवाळ, पेस्टच्या नळीच्या तोंडावर सुकलेली साय. तिनं मान वर केली. आरशात एक बाई होती — हनुवटीखाली तीन राठ केस, नाकावर उघडी पडलेली रंध्रं, ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं, वाळलेलं — आणि हे तोंड घेऊन मी लोकांशी बोलते, हे तोंड घेऊन काल मी दुकानात उभी होते. चष्म्याच्या दुकानातला माणूस काच पुसून तिच्या नाकावर ठेवत म्हणाला होता, आता कसं स्वच्छ दिसतंय बघा. स्वच्छ! तिनं छापील कागद वाचून दाखवला होता आणि लहान मुलीसारखी हसली होती.

नवरा टेबलाशी बसला होता. चष्मा शोभतो तुला, असं तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. तो चांगला माणूस होता, कधी आवाज चढवणारा नव्हता, सासूला घरात आणायचं ठरलं तेव्हा त्यानं स्वतःची खोली रिकामी करून दिली होती. बोलताना त्याच्या मिशीला अंड्याचा पिवळा कण लागला होता. तो खाली पडेना. तोंडातला घास एका गालातून दुसऱ्या गालात जाताना दिसत होता, दातांच्या फटीत ब्रेडचा लगदा, जिभेवर पांढरा थर... इतकी वर्षं ह्या टेबलाशी ती त्याच्या समोर बसली होती आणि तिला एक पुसट, प्रेमळ, हलणारं तोंड तेवढं दिसत आलं होतं. तिनं चष्मा काढून डबीत ठेवला. तोंड पुन्हा प्रेमळ झालं. पण आता तिला ठाऊक होतं.

तरण तलाव घरापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर होता. ती तिथे जीवरक्षक होती. बायकांच्या आणि मुलांच्या वेळेत उंच खुर्चीवर बसून, डोळ्यांत तेल घालून पाण्यावर नजर ठेवायची हे तिचं काम. तिथं तिला सगळे घार म्हणत. पलीकडच्या टोकाला, खोल पाण्यात, एखाद्या पोरीचे हात पोहण्याचे थांबून चाचपडण्याचे झाले की ती कुणाच्या आधी ओळखे आणि पाण्यात असे. लांबचं तिला सगळं दिसे. रस्त्यानं चालताना समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मोजावेत असं दिसे, आणि म्हणूनच मॅनेजरनं तिला डोळे तपासून यायला सांगितलं तेव्हा तिला तो अपमान वाटला होता. झालं होतं एवढंच की पाण्यात टाकायचं औषध तिनं जास्त टाकलं. मापाच्या भांड्यावरच्या रेघा एकमेकींत मिसळत, कपाळ ठणके, तिनं अंदाजानं ओतलं. सकाळच्या बायका लाल डोळ्यांनी, खोकत बाहेर आल्या. एकीनं बराच आरडाओरडा केला. मॅनेजर ओरडला नाही, हेच वाईट. तो म्हणाला, आधी डोळे दाखव, मग खुर्चीवर बस.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून तिला बाकावर बसवलं होतं. थेंबांनी डोळ्यांचे स्नायू सैल होतात, म्हणाले, थोडा वेळ काहीच धड दिसणार नाही, घाबरू नका. आणि खरंच हळूहळू भिंतीवरचं घड्याळ विरघळलं, दाराची चौकट विरघळली, लांबचंसुद्धा... आणि त्या वेळी, भीती वाटायच्या ऐवजी, कपाळाच्या मागे एक मूठ उघडल्यासारखं तिला वाटलं. कधीपासून आवळलेली होती कुणास ठाऊक. उघडेपर्यंत ती मूठ आहे हेच माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, सगळ्यांचंच कपाळ असं असतं.

मग डॉक्टरांनी एकामागून एक काचा लावून बघितल्या. तिनंच विचारलं, चाळिशी ना?

“चाळिशी आत्ता आली, ताई. पण हे दुखणं जन्मापासूनचं आहे.”

तिचा डोळा पुढून मागे जरा आखूड होता. आत येणारा उजेड डोळ्यामागच्या पडद्यावर एकत्र यायला हवा, तो तिच्या डोळ्यात पडद्याच्या पलीकडे जाऊन एकत्र येऊ बघे. लहानपणी डोळ्यातलं भिंग मऊ असतं. ते फुगवून फुगवून तिनं भागवून नेलं. लांबचं बघायला थोडं फुगवावं लागे, जवळचं बघायला फार, आणि फार वेळ ते जमत नसे. म्हणून अक्षरं हलत, म्हणून डोकं दुखे. आता वयानं ते भिंग ताठ झालं, सोंग संपलं. चष्म्याची काच मधे फुगीर असते ती एवढ्यासाठीच, की जे काम डोळा एकटा ओढत होता त्यातलं अर्धं तिनं बाहेरच करून द्यावं. पूर्ण नंबर आज देत नाही, डॉक्टर म्हणाले, ताणायची सवय एकदम सुटत नाही, लांबचं धूसर वाटायला लागेल. सध्या जवळच्या कामाला लावा, मग वाढवू.

“लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही?” त्यांनी विचारलं.

कसं येणार? शाळेत डोळे तपासायला माणूस आला तेव्हा त्यानं तक्ता वर्गाच्या दुसऱ्या टोकाला टांगला होता, आणि तिनं शेवटची ओळ तर वाचलीच, तिच्याखाली छापखान्याचं बारीक नावही वाचलं. त्यानं पाठ थोपटली. मांडीवरच्या पुस्तकातलं काय दिसतं, असं कुणी विचारलं नाही.

तलावावर पोचल्यावर तिनं चष्मा लावून औषध मोजलं. रेघा सुट्या, काळ्याभोर, एकेक आकडा आपापल्या जागी. मॅनेजर बाजूला उभा राहून बघत होता; त्यानं मान डोलावली आणि गेला. नोकरी राहिली. बरं वाटायला हवं होतं, वाटलंही असतं, पण त्यानंतर तिनं नेहमीप्रमाणे जाळीची टोपली उघडली. तलावाचं पाणी गाळलं जातं तिथे ही टोपली असे. ती साफ करणं खरं तर तिचं काम नव्हतं. पण सफाईवाली बाई नाक दाबून, तोंड वाकडं करून ते करी, म्हणून एक दिवस घारीनं तिच्या हातून टोपली घेतली होती आणि मग ते तिचंच होऊन बसलं. त्यात एक ओला गोळा असे. तो उचलायचा, बादलीत टाकायचा. एवढंच तर.

आज तो गोळा नव्हता. आज ते केस होते, काळे, करडे, मेंदीचे, एकमेकांत विणलेले, आणि त्या विणीत अडकलेलं बरंच काही — जखमेवरची पट्टी, तिच्या मधल्या कापसावर तपकिरी डाग. पायाच्या भेगांची भिजून फुगलेली पांढरी साल. लाल रंग लावलेलं एक आख्खं नख... आणि सगळ्याला बांधून ठेवणारा, पारदर्शक, नाकातून आल्यासारखा चिकट पदार्थ. तिचा हात त्यात मनगटापर्यंत होता. ती उकिडवी बसली होती तिथून उठली, मागच्या गटारापाशी गेली, आणि सकाळचा चहा उलटून पडला.

तिकीट खिडकीवरची बाई धावत आली. तिनं पाण्याची बाटली दिली, पाठीवर हात फिरवला. काही खाल्लंस का बाहेरचं, असं विचारलं. मग टोपलीकडे बघून हसली.

“ह्यानं? तुला? अगं, त्या पोरीनं पाण्यात उलटी केली तेव्हा तू ओंजळीनं काढलीस. मी घरी जाऊन सांगितलं सगळ्यांना. म्हटलं, हिला किळस म्हणून माहीतच नाही.”

हिला किळस म्हणून माहीतच नाही. हे वाक्य तिनं किती जणांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि दर वेळी, वरकरणी मान हलवत, आतून ते चोखून ठेवलं होतं. शेजारच्या वहिनी म्हणत. घरी येणारा डॉक्टर म्हणाला होता. भाऊ महिन्यातून एकदा आईला भेटायला येई, खोलीच्या दारात तोंडावर रुमाल धरून उभा राही, आणि जाताना बहिणीचा हात हातात घेऊन म्हणे, तू आहेस म्हणून, मला नसतं जमलं. खरं तर ती ह्या वाक्यांवरच जगत होती. आईचा पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हापासून घारीला पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागलं होतं. लांबून बघणारी, उंच खुर्चीवरची कुणीतरी नव्हे... आत, घरात, घाणीत हात घालणारी. आणि मुख्य म्हणजे आईसारखी नसलेली.

कारण आईचं सगळं आयुष्य किळस करण्यात गेलं होतं. दाराच्या कड्या ती फडक्यानं धरून उघडी. पाहुण्यानं पाणी प्यायलेला पेला उकळत्या पाण्यात टाकी. आईला लांबचं दिसत नसे, तिचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा. पण तो काढून ती वस्तू नाकाशी धरी आणि तिला त्यात काय काय दिसे देव जाणे! तांदळातली अळीची लाळ. कपबशीच्या कानातला डाग. मुलीच्या कानामागचा मळ. मुलीला ती हनुवटीला धरून जवळ ओढी, चष्मा वर सारी, तपासे, आणि मग तोच हात झटकून तिला मागे ढकली — शी, जा, धुऊन ये. जवळ घेतल्याचं घारीला आठवतं ते एवढंच, तपासणीपुरतं. मणी ओवायला दिले की तिला दोरा भोकात घालता येत नसे. भाजी निवडायला दिली की तिच्या हातून किडी राहून जात. आई ताट पालथं करून दाखवी. “मुद्दाम करतेस तू,” ती म्हणे. “आळशीपणा आहे नुसता. दिसत नाही काय? समोरच्या गच्चीवरचं मांजर बरं दिसतं.” आणि तिलाही वाटे की आपण मुद्दामच करत असू, कारण मांजर खरंच दिसत होतं.

मी अशी होणार नाही. हे तिनं कधी, कुठे ठरवलं आठवत नव्हतं. पण ठरवलं होतं. आणि झालीही नव्हती! नवऱ्याचे मोजे, तापातल्या भाच्याची उलटी, मेलेला उंदीर, आईचं भांडं. नाक मुरडलं नाही, कपाळावर आठी नाही. वासाचं म्हणाल तर नाक दोन दिवसांत हार मानतं.

दुपारी घरी परतताना ते तिला सरळ, साध्या वाक्यात कळलं. तिला किळस येत नव्हती कारण तिला दिसत नव्हतं. बस्स. प्रेम नाही, सेवा नाही, मोठं मन नाही. आखूड डोळा. आणि तो डोळा आता दुरुस्त झाला होता, आणि एका सकाळीत ती आपल्या आईची मुलगी झाली होती. नवऱ्याचं तोंड बघवेना, स्वतःचे हात बघवेनात, रस्त्यावर समोरून येणाऱ्या बाईनं कडेवरच्या मुलाचं नाक आपल्या पदरानं पुसलं तर हिला शहारा आला, आणि तेही चष्मा डबीत असताना. म्हणजे आता काढूनही उपयोग नव्हता. एकदा बघितलेलं डोळे मागे देत नाहीत.

तरी तिनं आईच्या खोलीच्या दाराशी विचार केला. चष्मा बाहेरच्या कपाटावर ठेवून आत जाता येईल. मॅनेजरला काय कळतंय, नवऱ्याला काय कळतंय; औषध मोजण्यापुरता तलावावर लावायचा, इथे नाही. इथे ती पूर्वीचीच राहील. भाऊ येईल, दारात उभा राहील, म्हणेल... तिनं कपाटावर ठेवलेली डबी पुन्हा उचलली. का उचलली ते तिला नीट सांगता आलं नसतं. नखांखाली जे होतं ते कुठून आलं, एवढं एकदा बघून घेऊ, असं काहीतरी.

आई जागी होती. हातापायांच्या काड्या झालेल्या, पण जीभ शाबूत. मुलगी उशी सारखी करायला वाकली तेव्हा तिच्या नाकावरचा चष्मा बघून ती म्हणाली, घुबडासारखी दिसतेस. आईचा स्वतःचा चष्मा उशाशी पडलेला असे. छताकडेच बघायचं तर कशाला हवा, म्हणून ती तो लावतच नसे.

तिनं कोमट पाणी आणलं, फडकी आणली, गाऊन वर केला. आणि बघितलं.

मानेच्या वळीत वाळलेल्या दुधाचे कण होते, किती दिवसांचे कुणास ठाऊक, एकावर एक. कानामागे पिवळी खपली. काखेत तिनं रोज टाकलेली पावडर घामात मिसळून करड्या वळ्या झाल्या होत्या. वळ्यांखाली कातडं शिजल्यासारखं. छातीखालची घडी तिनं दोन बोटांनी उचलली आणि आतून एक दमट, आंबूस वाफ आली; घडीच्या आत लालबुंद पट्टा, कडेला पांढरे फोड. एवढ्या काळजीनं मी हिला कुशीवर वळवते, असं मनाशी म्हणत तिनं आईला कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी रुपयाएवढी जागा जांभळट झाली होती, मधलं कातडं सुटलं होतं, आणि त्या ओल्या मांसावर फडक्याचा एक धागा चिकटला होता. तिच्या फडक्याचा. सकाळच्या. त्याच्या खाली, जिथे ती रोज पुसत होती, पुसल्याच्या समाधानानं हात धूत होती, तिथे... राहिलेलं होतं. आजचं आणि कालचंही.

तिच्या घशातून एक आवाज आला. तिनं तो गिळला. आईला परत उताणं करण्यासाठी ती वाकली, तेव्हा तिचा चेहरा आईच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आला. आणि आईचे डोळे, ज्यांना फक्त एवढ्या अंतरावरचंच दिसत आलं होतं, तिच्या तोंडावर स्थिर झाले. नाकपुड्या, ओठ, आठी. आई ते ओळखत होती. आईनं ते तोंड आयुष्यभर केलं होतं.

“आज बघितलंस,” आई म्हणाली.

काही नाही गं, वास जरा, असं काहीतरी ती पुटपुटली. वास तर रोजच आहे, आई म्हणाली. मग मुलीनं घाईनं चष्मा काढला. वाफ धरते काचेवर, म्हणाली, तसाही सवयीचा नाही, नंतर लावीन.

“लाव तो.”

“राहू दे ना आई. होतंय की नेहमीसारखं.”

“नेहमीसारखंच नको.” आईचा आवाज चढला नव्हता. “वर्ष होत आलं. तू पुसतेस आणि मी तशीच राहते. हात पोचत नाही माझा, नाहीतर मीच...” ती थांबली. जिनं आयुष्यात दाराची कडी उघड्या हातानं धरली नव्हती, ती कशात पडून होती, दिवस दिवस, हे शब्दांत सांगणं तिलाही जमेना. किंवा त्या शब्दांचीच तिला किळस आली असावी.

“मग बोलायचं होतं. एवढं तेवढं बोलतेस, हेच नाही बोललीस?”

“काय बोलायचं? मला वाटलं, तू मुद्दाम करतेस.”

ती उभी राहिली. हातातल्या फडक्यातून पाणी फरशीवर गळत होतं.

“जे येईल ते तुझं कौतुक करतं,” आई छताकडे बघत म्हणाली. “आणि तू हसत हसत मला अर्धं पुसून जातेस. म्हटलं, फेडतेय. लहानपणचं सगळं फेडून घेतेय माझ्यावर. म्हटलं, घेऊ दे.”

तिच्या मनात एकदम कितीतरी उलटं आलं — राग आला, तो आधी आला. एवढी वर्षं तू मला हेच समजत आलीस, आजही, अंथरुणात पडूनसुद्धा. आणि रागाच्या पाठोपाठ, राग पुरता वर यायच्या आत, हेही आलं की एका परीनं आई चुकली नव्हती, कारण ते मुद्दाम नव्हतं तरी सुख तर होतंच, ते स्वच्छ तोंडानं केलेलं काम, ती वाक्यं... भाऊ दारात उभा असताना ती जरा जास्तच सावकाश भांडं उचले, हे तिला आत्ता आठवलं आणि ते सगळ्यांत घाण वाटलं.

तिनं डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मोडक्यातोडक्या वाक्यांत — डोळा आखूड आहे, जन्मापासून, जवळचं धड कधी दिसलंच नाही, ताणून ताणून बघत होते, आता ताणही जमेना. लांबचं दिसतं म्हणून कुणाला कळलं नाही. आई ऐकत होती. तिच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती, चष्म्याशिवायही.

“म्हणजे तेव्हाही?” आईनं विचारलं.

“तेव्हाही.”

आईनं डोळे मिटले. ती रडली नाही. तिला अश्रूंचीही किळस होती, नाकातून पाणी येतं म्हणून. तिचा हात चादरीवर काहीतरी शोधत फिरला आणि मुलीच्या हाताला लागला, पण त्या हातात ते फडकं होतं, आणि आईनं हात मागे घेतला. घ्यायलाच हवा होता. मीही घेतला असता.

“वळव मला,” आई म्हणाली. “आणि नीट कर.”

तिनं पाणी बदलून आणलं. चष्मा लावला. टेबलावरचा दिवा ओढून अगदी पलंगापाशी घेतला, आईला भिंतीकडे तोंड करून वळवलं, आणि कापसाचा बोळा भिजवून त्या जागेपाशी नेला. धागा सुटेना. तिनं तो ओला केला, थांबली, पुन्हा ओला केला, आणि हलक्या हातानं उचलला. आईचं सगळं अंग एकदा आक्रसलं. ओकारी आली, घशाशी येऊन थांबली. आता ती लपवायचं कारण नव्हतं. तिनं तोंड वाकडं केलं, पुरतं, मनसोक्त, आईसारखं; शी, असंही तिच्या तोंडून निघून गेलं, आणि भिंतीकडे तोंड असलेल्या आईचे खांदे ते ऐकून किंचित सैल झाले.

किळस कमी झाली नव्हती. होईल असंही वाटत नव्हतं. उद्या सकाळी ती पुन्हा एवढीच असेल, परवाही. तिला नेहमी वाटत आलं होतं की किळस म्हणजे मागे सरणं, हात झटकणं, शी, जा. आणि आता तीच किळस तिला पुढे वाकवत होती, दिवा आणखी जवळ ओढायला लावत होती, ह्या वळीत राहिलंय, त्या घडीत राहिलंय असं दाखवत होती, आणि जे दिसलं ते तसंच सोडून उठणं तिला अंगावर घाण घेऊन झोपण्याइतकं अशक्य वाटत होतं. आईला हेच होत असेल का, हनुवटी धरून कानामागे बघताना... हे असंच, आणि ह्यालाच ती... नाही. हे प्रेम असेल असं मनात आलं तेव्हा तिला त्याचीही शिसारी आली. तिनं रागाला चाचपून बघितलं. तो होता, जागच्या जागी, जुना, आपल्या सगळ्या कडांसकट; इतका जवळून तिनं तो कधी पाहिला नव्हता, आणि त्याचं काय करायचं हे तिला कळेना.

“अजून आहे?” आईनं भिंतीला विचारलं.

“आहे,” ती म्हणाली, आणि दुसरा बोळा भिजवला.